पालमच्या विमानांत भेटलेले लतीफसाहेब

दिल्लीला जायचे म्हणजे जामा मशीद, लाल किल्ला, हुमायूनचा मकबरा ही यादी आमच्या घरात ठरलेली असते. गेल्या हिवाळ्यात मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निघालो तेव्हाही ती तशीच होती. पण सोबत आपा, दुल्हाभाई आणि आठवीत शिकणारा भाचा होता. त्याने आधीच बजावले होते, "मामू, एक दिवस माझा!" त्याचा दिवस म्हणजे पालमचे भारतीय हवाई दलाचे संग्रहालय.

आत गेल्यावर आधी दिसले ते जुने वापिती. एकावर एक असे दोन पंख, त्यांवर ताणलेले कापड आणि वैमानिकाला बसायला उघडी जागा. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हवाई दल स्थापन झाले आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत पहिली तुकडी उभी राहिली, ती अशाच चार विमानांवर. आपा म्हणाली, "यात बसून माणसं वर जात होती? या अल्लाह!"

भाचा मात्र गप्प होता. थोड्या वेळाने आमच्याजवळ येऊन त्याने हळूच विचारले, "मामू, यात आपल्यातलं कुणी होतं का?" शाळेत कुणीतरी त्याला काहीबाही बोलले होते, ते नंतर कळले. प्रश्नापेक्षा तो इतक्या दबक्या आवाजात विचारला गेला, हे आम्हाला जास्त लागले.

आम्ही त्याला म्हटले, "होते. याच वापितीपासून सुरू करू."

इद्रिस हसन लतीफ यांचा जन्म १९२३ साली हैदराबादेत झाला. विशीही गाठली नव्हती तेव्हा, १९४२ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले आणि कराचीहून अरबी समुद्रावर गस्त घालू लागले. त्या गस्तीच्या विमानांत वापितीही होते. पुढे निवडक हिंदी वैमानिकांबरोबर ते इंग्लंडला गेले आणि हरिकेन, स्पिटफायर चालवायला शिकले. परत आल्यावर ब्रह्मदेशच्या लढाईत उतरले. ही दोन्ही विमाने पालमच्या हँगरमध्ये उभी आहेत. पोरगा एकेका विमानापाशी जाऊन पाटी वाचू लागला.

टेम्पेस्टपाशी आम्ही जरा थांबलो. फाळणीत नुसती जमीन वाटली गेली नाही, विमानेही वाटली गेली. टेम्पेस्ट दोन्ही देशांच्या वाट्याला आली. मुसलमान अधिकाऱ्यांपुढे प्रश्न होता, इकडे की तिकडे? ब्रह्मदेशात बरोबरीने उडालेले असगर खान आणि नूर खान तिकडे गेले. दोघेही पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफ यांनाही बोलावले होते. लतीफ यांनी नकार दिला. धर्म आपला आणि देशही आपला, एकासाठी दुसरा सोडायची गरज त्यांना वाटली नाही. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या आकाशात टेम्पेस्ट विमानांनी सलामी दिली, तेव्हा नेतृत्व त्यांचेच होते.

जवळच नॅट आहे. पंखांचा पसारा जेमतेम पावणेसात मीटर, एवढेसे विमान! १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा निर्मलजीत सिंग सेखों असेच विमान घेऊन एकटे सेबर विमानांना भिडले आणि शहीद झाले. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव. आणि एका बाजूला जपानचे ओका आहे. त्याला चाकेच नाहीत, कारण ते परत उतरायचेच नव्हते. आत माणूस बसवून शत्रूच्या जहाजावर आदळायचे, एवढेच त्याचे काम. ते पाहून आपा म्हणाली, "त्याची आई काय म्हणाली असेल?" त्यावर कुणीच काही बोलले नाही.

बाहेर मोकळ्यावर मिग-२५ उभे आहे. आवाजाच्या अडीचपटीहून अधिक वेगाने जाणारे हे टेहळणी विमान १९८१ मध्ये हवाई दलात आले. तेव्हा हवाई दलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल लतीफ. १९७८ ते १९८१ ही त्यांची कारकीर्द, आणि या पदावरचे ते पहिले मुसलमान. कापडाच्या पंखांपासून मिगपर्यंत एका माणसाचे आयुष्य त्या आवारात उभे होते. १९८२ ते १९८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्या काळात त्यांच्या पत्नी बिल्कीस लतीफ धारावीच्या वस्तीत काम करत होत्या.

दुल्हाभाईंचे गॅरेज आहे. ते सर्वांत जास्त रेंगाळले लिबरेटरपाशी. चार इंजिनांचे हे बॉम्बफेकी विमान. महायुद्ध संपल्यावर परदेशी फौजांनी अशी विमाने कानपूरला मोडतोड करून टाकून दिली, कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून. आपल्या कारागिरांनी त्या भंगारातून जोडजोड करून ती पुन्हा उडवली आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. "त्या मिस्त्र्यांची नावं कुठं लिहिलीत?" दुल्हाभाईंनी विचारले. पाटीवर ती नव्हती. भाचा बापाकडे बघत राहिला.

परतताना आम्हाला स्वतःचीच लाज वाटली. लतीफसाहेबांचे नाव आम्हाला ठाऊक होते, पण मुलाला ते कधी सांगितले नव्हते. बाहेर कुणी टोचले की मग आपण घाईघाईने नावे शोधतो. त्यापेक्षा दस्तरखानवर बसल्या बसल्या अशा गोष्टी निघाल्या, तर मुलांना दबक्या आवाजात विचारावे लागणार नाही. मात्र ही नावे कुणाच्या तोंडावर फेकायला नकोत. सेखोंही आपले, लतीफही आपले आणि कानपूरचे ते बेनाम मिस्त्रीही आपलेच.

आणि वाट बंद नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असेल तर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात जाता येते. त्यासाठीची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे. मुलांची दहावीनंतरच तयारी करून घेणारी राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट छत्रपती संभाजीनगरला आहे. घरात कुणी आकाशाकडे बघत असेल, तर ही माहिती त्याच्या किंवा तिच्या कानावर घाला.

भाच्याने आता खोलीच्या भिंतीवर टेम्पेस्टचे चित्र लावले आहे. गणिताची वही मात्र अजून आपालाच शोधून द्यावी लागते.