जयंतीच्या मंडपात कुत्र्यांचे काय काम?

फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेले एक छायाचित्र आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले असते. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव. त्याच छायाचित्रात बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे, याकडे किती जणांचे लक्ष जाते?

याची आठवण होण्याचे कारण असे. निवाऱ्यातल्या कुत्र्यांना घरे मिळवून देणारे शिबिर भीमजयंतीच्या सप्ताहात भरवावे, अशी सूचना आम्ही जळगावातील काही कार्यकर्त्यांपुढे मांडली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते संतापले. म्हणाले, "भाऊ, ज्या देशात आपल्याला कुत्र्यापेक्षा हीन वागवलं, तिथं आता आपण कुत्र्यांच्या सोयरिकी जुळवायच्या का?"

हा संताप खोटा नाही. मनुस्मृतीने चांडाळांना गावाबाहेर घातले आणि कुत्री व गाढवे हीच त्यांची संपत्ती ठरवली. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी मोकळे होते, आमच्या माणसांना नव्हते. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले ते माणसाचा हक्क बजावण्यासाठी. तळ्यावरून कुत्र्याला हाकला, अशी मागणी त्यांनी केली नव्हती. अपमान कुत्र्याने केलाच नव्हता, तो व्यवस्थेने केला होता.

तथागतांच्या जातक कथांत कुक्कुर जातक आहे. राजाच्या रथाचे चामडे कुत्र्यांनी खाल्ले. राजाने फर्मान काढले, नगरातली सारी कुत्री मारा. राजवाड्यातली उंची जातीची कुत्री मात्र वगळली. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या म्हणजे बोधिसत्त्व. तो थेट राजापुढे गेला आणि विचारले, हा न्याय कोणता? मग ताकात वाटलेले कुश गवत राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावले, तेव्हा चामड्याचे तुकडे त्यांच्याच पोटातून बाहेर पडले. गुन्हा वाड्यातल्यांचा आणि शिक्षा उकिरड्यावरच्यांना! ही गोष्ट आमच्या वाचकांना कुत्र्यांचीच वाटेल काय?

आजही कुत्र्यांत जात पाहिली जाते. लॅब्रेडॉर, पॉमेरियन यांना हजारो रुपये मोजून गादीवर बसवतात. गावठी म्हटला की दगड. मुंबईत 'वर्ल्ड फॉर ऑल' ही संस्था भटक्या कुत्र्या-मांजरांना घरे मिळावीत म्हणून 'अडॉप्टाथॉन' भरवते, ते काम चांगलेच आहे. पण असे मेळावे खानदेशातल्या वस्तीपर्यंत येत नाहीत. आम्ही एका मोठ्या शहरातील अशाच एका मेळाव्यात उभे होतो. तेथील अर्जात पहिलाच प्रश्न होता, घर स्वतःचे की भाड्याचे? पत्र्याच्या खोलीत राहून स्वतःच्या भाकरीतला चतकोर रोज दारातल्या वाघ्याला घालणारी आमची बाई त्या अर्जात नापासच होणार.

आता हा प्रश्न टाळता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितले की, नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नयेत. कुणाला कुत्रा दत्तक हवा असेल त्याने महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी त्याची. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा व तेथे परत न सोडण्याचा आदेश झाला. म्हणजे जळगाव आणि धुळ्याच्या बसस्थानकांवर फलाटाखाली झोपणारी कुत्री जाणार कुठे? निवारा म्हणजे जन्मभराचा कोंडवाडा होऊ नये, यासाठी घरे शोधावी लागतील.

येथे आम्ही भाबडेपणा करणार नाही. कुत्रा चावतो तेव्हा बंगल्याला कुंपण असते. पहाटे झाडू घेऊन निघणारा सफाई कामगार आणि उघड्यावर खेळणारे पोर यांना कुंपण नसते. रेबीज झाला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, हे त्या शिबिरात दहा वेळा सांगितले पाहिजे. नसबंदी व लस न झालेला एकही कुत्रा तेथून कुणाच्या घरी जाऊ नये. २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ती दोन्ही महापालिकांकडून हक्काने मागावी.

शिबिर सकाळी घ्यावे. एप्रिलचे खानदेशी ऊन आणि संध्याकाळचा डीजे, दोन्ही मुक्या जिवाला सोसत नाहीत. (आम्हांलाही डीजे सोसत नाही, पण तो वेगळा विषय.) धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते, तेथे मात्र कुत्री नेऊ नयेत, ते कुरण वन्यजीवांचे आहे. अर्जावर घराच्या मालकीचा रकाना नको. वर्षाला लस कोण टोचून आणणार, गावाला गेलात तर भाकर कोण घालणार, एवढे विचारावे. सही येत नसेल त्याचा अंगठा चालावा. महिन्याने एका कार्यकर्त्याने घरी जाऊन पाहून यावे.

ते ज्येष्ठ कार्यकर्ते अजून राजी नाहीत. रक्तदान शिबिराच्या मंडपाचा एक कोपरा सकाळी मोकळा असतो, तेवढा वापरा, असे मात्र म्हणाले.