डॉक्टरांपासून काय लपवायचे?

मागे आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका घरी इयादतीला गेलो होतो. तरुण मुलाचा हात सुजून लाल झाला होता. दवाखान्यात अम्मींनी सांगितले होते, "खिळा लागला." खरे तर मुलगा इंजेक्शनने हेरॉइन घेत होता. डॉक्टरांनी पू काढला, सलाइन लावले, दाखल करून घेतले. रात्री त्याला घाम फुटला, उलट्या झाल्या, अंग मोडून आले. पहाटे तो सुई उपसून निघून गेला. सगळे म्हणाले, पळाला. पण त्याच्या मूळ आजाराचे औषध त्याला मिळालेच नव्हते; तो आजार कोणी सांगितलाच नव्हता.

हेरॉइन बंद झाले की काही तासांतच असा त्रास सुरू होतो. ते नाटक नसते. डॉक्टरांना कल्पना असेल तर ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाने तो आवरता येतो आणि रुग्ण खाटेवर टिकतो. जखमेचे उपचार अर्धवट राहिले तर जंतू रक्तातून हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचू शकतात. एकच सुई अनेकांनी वापरली असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची तपासणीही हवी. हिपॅटायटिस सी औषधाने बरा होतो आणि २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध मोफत आहे.

घरच्यांना धास्ती असते पोलिसांची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. नशेच्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मध्येच सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकते.

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.

डॉक्टर-नर्स भगिनींनाही विनंती: अशा रुग्णाला टोमणे मारू नका. एकदा अपमान झाला की तो जीव जाईपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही.

तो मुलगा आठ दिवसांनी पुन्हा दाखल झाला, हात आणखी बिघडल्यावर. या वेळी अब्बांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन सारे सांगितले. मुलगा हात बरा होईपर्यंत थांबला. व्यसनाचे उपचार अजून चालू आहेत.

आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे. नशेने आजारी पडलेला त्यातून वगळलेला नाही. मोहल्ल्यात असे घर असेल तर कुजबुज सोडून त्याच्या दारात जाऊ या.