मुलगा दिवाळीत आला की बदलेल!



आज जरा रागावूनच लिहितेय. मागच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळात तक्रार निघाली की नेमकं संध्याकाळी ऑनलाइन स्वाध्यायाच्या वेळी नेट अडखळतं, आवाज तुटक येतो, अर्धं प्रवचन हवेत जातं. मी सहज विचारलं, "वायफायचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला होतात?" आम्ही बारा जणी होतो. दोघींना पासवर्ड काय आहे हेच माहीत नव्हतं. सात-आठ घरांत कनेक्शन जोडायला आलेल्या मुलानं जो ठेवला तोच अजून चालू, म्हणजे घरच्या मालकांचा मोबाइल नंबर. उरलेल्यांत दोघींनी देवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असं ठेवलेलं. (देवाचं नाव पवित्र आहे हो, पण गुप्त नाही. आपल्या गल्लीत तर पहिल्या फटक्यात कुणीही ओळखेल.) आणि बदलायचा कसा, यावर सगळ्यांचं एकच उत्तर, "मुलगा दिवाळीत आला की बदलेल."

लॉकरची किल्ली कुठल्या डब्याच्या मागे आहे हे सख्ख्या बहिणीला न सांगणाऱ्या आपण. दुधाच्या हिशेबात पाच रुपयांचा फरक आला तर महिनाभराची वही काढून बसणाऱ्या आपण. आणि ज्या पेटीतून आपल्या घरचं बँकेचं काम, गॅसचं बुकिंग, नातवाचे फोटो असं सगळं आत-बाहेर जातं, तिची किल्ली कुणाकुणाकडे आहे याचा पत्ता नाही. वर ती बदलायला परगावाहून माणूस यायला हवा! घरचं कुलूप बिघडलं तर दिवाळीपर्यंत दार उघडं ठेवलं असतं का कुणी?

दुसऱ्यांना बोलण्याआधी माझं सांगते. परवापरवापर्यंत आमचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला होता. मोठ्या अक्षरात, मीच लिहिलेला, कारण आलेला प्रत्येक जण विचारायचा. रंगकाम करणारी मुलं, वॉशिंग मशिन दुरुस्त करणारा, वरच्या मजल्यावरचे जुने भाडेकरू, भाच्याचे मित्र. मी चहा द्यावा तसा पासवर्ड दिला. मग नेट मंदावलं. कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, "लाइन व्यवस्थित आहे काकू, घरात किती जण वापरतात?" मी म्हटलं, आम्ही दोघं. त्यानं आमच्याच लॅपटॉपवर राउटरचं पान उघडून यादी दाखवली. अकरा यंत्रं जोडलेली! आमची पाच: दोन फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि पार्किंगमधला कॅमेरा. उरलेल्या सहांतल्या एकावर शेजारच्या मुलाचं नावच होतं. एक वरच्या भाडेकरूंच्या मागे राहायला आलेल्यांचा निघाला, त्यांना पासवर्ड जाता जाता जुन्यांनी दिलेला. चार कुणाचे, ते आजतागायत कळलेलं नाही.

मी बी.कॉम. आहे. चाळीस वर्षांपूर्वीचं असलं तरी ऑडिटच्या तासाला शिकवलेलं एक विसरले नाही: रोख सांभाळणारा आणि वही लिहिणारा एकच असू नये, आणि तिजोरीच्या किल्ल्या किती आहेत हे मालकाला माहीत असावं. मी शिकलेली असून सहा किल्ल्या बाहेर फिरत होत्या.

मुलाला फोन केला. तो बंगळूरला असतो. "आई, तू कशाला हात लावू नकोस, सगळं बंद पडेल. मी आलो की बघतो." तेच ते वाक्य! गंमत म्हणजे माझी सून कंपनीत नेटवर्कचंच काम करते, पण आमच्या घरातून फोन जातो तो मुलालाच. मग मी सुनेला लावला. ती म्हणाली, "आई, बंद नाही पडत काही. तुम्ही लॅपटॉपवरूनच करा, मी फोनवर आहे." वीस मिनिटांचं काम निघालं. त्यातली दहा चष्मा शोधण्यात गेली.

आता मंडळात जे आक्षेप आले त्यांच्याकडे वळते. पहिला, "वापरलं कुणी थोडं नेट तर काय बिघडलं? आपल्याला कुठे जास्त पैसे पडतात? शेजाऱ्याला पाणी नाही म्हणतो का आपण?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो चांगल्या मनातून येतो. पण पाण्याच्या तांब्यावर तुमचं नाव नसतं. नेटच्या जोडणीवर असतं.

२००८ सालचं आठवा. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी दूरचित्रवाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला, तर तो निघाला नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरच्या इंटरनेटचा. त्याची चौकशी झाली, त्याचे संगणक नेले. त्याचा काही संबंध नव्हता, त्याचं वायफाय भलत्यानंच वापरलं होतं. त्याच वर्षी पुढे माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून असेच मेल गेले. ही माणसं दहशतवादी नव्हती. त्यांचा दरवाजा नीट बंद नव्हता, एवढंच. आपल्या नावावरच्या जोडणीवरून चार अनोळखी फोन काय करतात हे मला माहीत नसेल, तर पोलीस दारात आल्यावर "शेजारधर्म होता हो" असं सांगू का मी?

आणि शेजारच्या मुलाबद्दल बोलायचं तर, त्याला मी दिला होता, तो वापरत होता, त्याचा दोष नाही. पण ज्यांना मी दिलाच नव्हता त्यांचं काय? न दिलेलं घेणं याला आपल्याकडे काय म्हणतात ते अणुव्रतं पाठ असलेल्या बायकांना मी सांगायला नको. आपलं दार सताड उघडं ठेवून दुसऱ्याला त्या दोषात पाडणं, हेही मला बरं वाटेना.

दुसरा आक्षेप, "आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?" तुमच्याकडे म्हणजे अगदी पेटीकडेच आहे. २०१६ साली मिराई नावाचा एक व्हायरस जगभर पसरला. तो काय करायचा, तर कारखान्यातून येतानाच ठेवलेली साठेक युजरनेम-पासवर्डं घरोघरच्या राउटरवर आणि कॅमेऱ्यांवर लावून बघायचा. 'अ‍ॅडमिन' आणि 'अ‍ॅडमिन', असली. ज्यांनी ती बदललीच नव्हती अशी लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. कुणाच्या तरी दिवाणखान्यातला गरीब बिचारा कॅमेरा त्यात सामील होता आणि मालकाला पत्ताही नव्हता. ब्रिटननं तर २०२४ पासून असे सरसकट सोपे कारखानी पासवर्ड ठेवून यंत्रं विकण्यावर कायद्यानं बंदी आणली.

म्हणून लक्षात घ्या, पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो फोनमध्ये घालतो. दुसरा खुद्द राउटरचा, जो घातल्यावर पेटीच्या आतल्या सगळ्या कळा हाती येतात. पहिला दाराची किल्ली, दुसरा तिजोरीची. बहुतेक घरांत पहिला कधीतरी बदलतो, दुसऱ्याचं नावही कुणी ऐकलेलं नसतं. आणि खरा घातक तोच, कारण तिथे शिरलेला माणूस तुम्हाला बँकेच्या पानाऐवजी भलत्याच हुबेहूब पानावर न्यायचा प्रयत्न करू शकतो.

तिसरा आक्षेप, "आपल्याला जमणार नाही." पुरणाची कणीक किती सैल हवी हे हातानं ओळखणारी बाई असं म्हणते तेव्हा मला खरंच चीड येते. ऐका, कसं करायचं ते.

फोनपेक्षा लॅपटॉप बरा. अक्षरं मोठी दिसतात, आणि वायफाय बदलताना फोनची जोडणी मध्येच तुटते. मुलानं टाकून दिलेला जुना लॅपटॉप भरतकामाच्या कापडाखाली असेलच, तो काढा. राउटरच्या मागे लॅन लिहिलेल्या खाचेतून लॅपटॉपला वायर जोडली तर उत्तम. नसेल तर वायफायवरूनही होतं, फक्त बदलल्यावर पुन्हा जोडावं लागतं. पेटी उलटी केलीत की खाली स्टिकर दिसेल. त्यावर पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेला असतो. ब्राउझर उघडून सगळ्यात वरच्या पत्त्याच्या पट्टीत १९२.१६८.१.१ हे आकडे इंग्रजीत टाका आणि एंटर दाबा. काही पेट्यांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो. दोन्ही चालले नाहीत तर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल, तिथे आयपीकॉन्फिग लिहा, जोडून, इंग्रजी अक्षरांत. 'डीफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा येईल तो तुमच्या पेटीचा पत्ता. पान सुरक्षित नाही असा इशारा आला तर दचकू नका. हे पान इंटरनेटवरचं नाही, तुमच्याच टीपॉयवरच्या पेटीतलं आहे.

आत गेल्यावर वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन असं काहीतरी दिसेल, त्यात सिक्युरिटी. तिथे डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडलेलं आहे ना ते बघा. डब्ल्यूईपी असेल तर ते फार जुनं आणि कमकुवत, लगेच सोडा. मग नवा पासवर्ड. आठ ते त्रेसष्ट अक्षरं चालतात, तेव्हा कंजुषी कशाला? एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. पाटा, मोगरा, रिक्षा असे काहीही, पण हेच नकोत, आता हे छापून गेले. २.४ आणि ५ अशी दोन नावं दिसत असतील तर दोन्हीकडे बदला, नाहीतर मागचं दार उघडंच. सेव्ह दाबा. मग सिस्टिम किंवा मॅनेजमेंटमध्ये जाऊन दुसरा, तिजोरीचा पासवर्डही बदला आणि दोन्ही हिशेबाच्या वहीत लिहून वही कपाटात ठेवा. स्टिकरवरच्या पासवर्डनं आत जाताच येत नसेल तर तो कंपनीकडे मागा. आणि पेटीच्या मागचं ते बारीक भोक टाचणीनं दाबू नका! कंपनीची मांडणी पुसली जाते आणि मग खरोखर माणूस बोलवावा लागतो.

सेव्ह दाबलं त्या क्षणी आमच्याकडे हॉलमधून ओरड झाली, "अहो, बातम्या बंद पडल्या!" पडणारच. सगळ्या यंत्रांना नवा पासवर्ड द्यावा लागतो. रिमोटनं टीव्हीत एकेक अक्षर भरताना मात्र लांब पासवर्डचा पश्चात्ताप झाला, खोटं कशाला सांगू.

आणि हो, दर महिन्याला पासवर्ड बदला असे जे फॉरवर्ड येतात त्यांच्या नादी लागू नका. कारण असेल तेव्हा बदला: भाडेकरू गेले, यादीत अनोळखी नाव दिसलं, फोन हरवला. उगाच वरचेवर बदललात तर पुन्हा सोपा ठेवाल आणि पुन्हा फ्रिजवर चिकटवाल.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्याच. "नेट बंद झालंय का हो तुमचं?" याच क्षणाला आपण सगळ्या घाबरतो, मीही घाबरले होते. मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस जिन्यात बोलल्या नाहीत. मग मी बऱ्याच राउटरवर असते ती पाहुण्यांची वेगळी जोडणी, गेस्ट नेटवर्क, सुरू केली, तिला वेगळा पासवर्ड दिला आणि मुलाच्या परीक्षेपुरता तो त्यांना लिहून दिला. परीक्षा झाली, मी ती जोडणी बंद केली, आणि बंद करण्याआधी त्यांना सांगितलं. आता त्यांनी स्वतःचं कनेक्शन घेतलंय. पासवर्ड? घरच्यांचा मोबाइल नंबर. त्यांच्याकडे उद्या जायचंय.

शनिवारी स्वाध्यायानंतर मी मंदिराच्या हॉलमध्ये तासभर थांबणार आहे. ज्यांना शिकायचंय त्यांनी आपल्या पेटीखालच्या स्टिकरचा फोटो काढून आणा, घरी गेल्यावर काय कुठे दाबायचं ते वहीत लिहून देते. फोटो मला दाखवायचा आहे. मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा नाही!