विनोदी नटीची गणती

तमिळ रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत अर्धशतकाहून अधिक काळ वावरलेल्या अभिनेत्री मनोरमा १० ऑक्टोबर २०१५ रोजी चेन्नईत निवर्तल्या. ‘सीता और गीता’तील खाष्ट चाची रंगवणाऱ्या हिंदीतील मनोरमा त्या वेगळ्या, या मनोरमा हिंदी प्रेक्षकाला भेटल्या त्या मेहमूद यांच्या ‘कुंवारा बाप’ (१९७४) मध्ये. त्यांच्याविषयी काहीही वाचावयास घ्यावे, तर दोन आकडे हटकून समोर येतात. एक, गिनीज बुकाने नोंद घेतलेले हजाराहून अधिक चित्रपट. दुसरा, पाच मुख्यमंत्र्यांसमवेत केलेले काम: रंगभूमीवर अण्णादुराई आणि करुणानिधी, पडद्यावर एम. जी. रामचंद्रन, जयललिता आणि एन. टी. रामाराव. आकडे खरे आहेत. परंतु कलावंताचा गौरव आकड्यांवर उरकणे ही कलेविषयी बोलण्याची टाळाटाळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाजी गणेशन यांचे नाव निघाले की आपण त्यांच्या भूमिकांची चर्चा करतो. मनोरमांचे नाव निघाले की बेरीज करतो. हा भेद का?

उत्तर अवघड नाही. नायकाची भूमिका ती कला आणि विनोदी स्त्रीची भूमिका ती करमणूक, असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे. गंभीर रस पानाच्या मध्यावर वाढायचा आणि हास्य डाव्या बाजूला, चटणी-कोशिंबिरीच्या जागी. या वाढपाविरुद्धच माझी तक्रार आहे.

मनोरमांचे मूळ नाव गोपीशांता. जन्म १९३७ साली मन्नारगुडीचा. वडिलांनी आईला टाकले. आई लेकीला घेऊन चेट्टिनाड भागातील पल्लत्तूर या गावी आली आणि घरकाम करून गुजराण करू लागली. पुढे मुलीलाही शाळा सोडून लोकांच्या घरी राबावे लागले. गावात आलेल्या एका नाटकाला आयत्या वेळी गाणारी मुलगी हवी होती, म्हणून वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ती रंगमंचावर उभी राहिली. तेथून नाटक मंडळ्या आल्या, एस. एस. राजेंद्रन यांच्या मंडळीतही त्यांनी कामे केली. १९५८ साली कवी कण्णदासन यांनी ‘मालैयिट्ट मंगै’ या चित्रपटात विनोदी भूमिका देऊ केली, तेव्हा त्या बिचकल्या. नायिका चार दिवसांची, विनोदी नटी मात्र टिकून राहते, अशा अर्थाने कण्णदासनांनी त्यांची समजूत घातली, असे त्या पुढे सांगत. १९६३ साली ‘कोंजुम कुमरी’त त्या नायिका झाल्याही, पण चित्रपटसृष्टीने त्यांना पुन्हा पुन्हा बोलावले ते हसवण्यासाठी.

कण्णदासनांचे भाकीत खरे ठरले, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यामागचा अन्याय मात्र आपल्याला दिसत नाही. नायिकेला तारुण्याची मुदत घालून दिलेली; विनोदी नटीला मुदत नाही, कारण तिच्याकडे कोणी निरखून पाहतच नाही.

आता निरखून पाहू. तमिळ चित्रपटात विनोद हा बहुधा मुख्य कथेपासून अलग वाहणारा प्रवाह असे. एन. एस. कृष्णन आणि टी. ए. मधुरम या दांपत्याने ती वाट मळली होती. १९५७ साली कृष्णन गेले आणि पुढच्याच वर्षी मनोरमा पडद्यावर आल्या. नागेश, चो, तेंगाई श्रीनिवासन, सुरुळीराजन असे जोडीदार बदलत गेले. समोरची बाई तीच राहिली. प्रत्येकाची लय निराळी, आणि प्रत्येकाशी मिळवून घ्यायचे हिनेच. जोडीदाराचे वाक्य पुरते पडू द्यायचे, पण त्यानंतर पळभरही रेंगाळायचे नाही, हा तोल नाटकाच्या तालमीत अंगी मुरतो. शिवाय बोली. मद्रासच्या गरीब वस्तीतली, कोंगु प्रदेशातली, ब्राह्मण घरातली बाई, अशी प्रत्येकीची तमिळ त्या वेगळी बोलत. १९६८ सालच्या ‘बोम्मलाट्टम’मध्ये मद्रासच्या बोलीतले गाणे त्यांनी स्वतः गायिले. एकाच कंठातून वाडवळी आणि सामवेदी दोन्ही अस्सल उमटवणे किती कठीण, हे वसईकर वाचकाला वेगळे सांगावयास नको.

यावर आक्षेप येईल की, त्या चित्रपटांतील विनोद पुष्कळदा ओबडधोबड होता. बाईच्या रूपावरून, वयावरून, अडाणीपणावरून टर उडवणारा होता. आक्षेप खरा आहे आणि तो झाकण्याची मला गरज वाटत नाही. पण हा दोष लेखणीचा. भिकार संवाद वाट्याला आलेल्या नायकाविषयी आपण म्हणतो, ‘भूमिकेने त्याच्यावर अन्याय केला.’ विनोदी नटीला मात्र त्याच संवादांचा जाब विचारतो. आणि लेखणी चांगली लाभली तेव्हा काय घडले, तेही पाहावे.

‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ (१९६८) ही नादस्वरवादक आणि नर्तकी यांच्या कलाभिमानाची कथा. समोर शिवाजी गणेशन आणि पद्मिनी यांच्यासारखे दिग्गज. त्यात मनोरमा झाल्या जिल जिल रमामणी, नाटक मंडळीतली एक साधी नाचणारी-गाणारी बाई. सारा चित्रपट अभिजात कलेची थोरवी गातो. आणि त्यातच ही खालच्या पायरीवरची कलावतीण दोन मानी माणसांमध्ये निर्मळ मनाने वावरते. ती हसवते, पण तिचे हसे होत नाही. हा फरक नटीने राखला आहे.

विसू यांच्या ‘संसारम अदु मिन्सारम’मध्ये (१९८६) त्या कण्णम्मा नावाची मोलकरीण आहेत. घरातल्या मुलीने ख्रिस्ती तरुणाशी लग्न केलेले. तिचे सासरे अल्बर्ट फर्नांडिस. त्या गृहस्थांसमोर कण्णम्मा उभी राहते, तिचा मालक ‘गप्प बस’ म्हणत राहतो आणि ती बोलतच राहते. फर्नांडिस आपल्यातले म्हणून आपण रागवावे, असे त्यात काहीही नाही. पोट धरून हसावे, असे मात्र पुष्कळ आहे. त्या तोंडाळपणाआड एका मुलीचा मोडू घातलेला संसार सावरण्याची धडपड आहे. ज्या नटीने बालपणी परक्यांच्या घरी राबून पाहिले होते, तिने मोलकरणीला घरातले सर्वांत धीट माणूस करून दाखवले. अश्रू ढाळून हे साधले असते, तर आपण त्याला निःसंशय थोर अभिनय म्हटले असते.

राष्ट्रीय पुरस्कार त्यांना लाभला तो १९८९ सालच्या ‘पुदिय पादै’साठी, पहिल्या चित्रपटानंतर एकतीस वर्षांनी, आणि तोही साहाय्यक अभिनेत्री म्हणून. पद्मश्री मिळाली २००२ साली. पुरस्कार उशिरा आले, याचे मला फारसे दुःख नाही. ‘साहाय्यक’ हा शब्द मात्र बोचतो. ज्या प्रसंगासाठी प्रेक्षक चित्रपट आठवतो, त्या प्रसंगात कोण कोणाला साहाय्य करीत होते?

रडवणाऱ्याला आपण कलावंत म्हणतो. हसवणाऱ्या पुरुषाला निदान ‘नटसम्राटाच्या तोडीचा’ म्हणण्याचे औदार्य कधीतरी दाखवतो. हसवणाऱ्या स्त्रीला मात्र ‘काय धमाल बाई!’ एवढ्यावर वाटेला लावतो. आपल्या परीक्षणांत, नाट्यस्पर्धांच्या निकालांत आणि गावातल्या हौशी नाटकांच्या पात्रवाटपात हेच चालते: देखणी ती नायिका, उरलेली ती विनोदी. ही वाटणी बदलावी. विनोदी भूमिका सर्वांत तयारीच्या मुलीला द्यावी, आणि तिच्याविषयी लिहिताना तिने किती नाटके केली हे शेवटी सांगावे. कसे काम केले, हे आधी.