मागे कोणी राहू नये असा खेळ, मात्र दारूविना



गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी मला रविवारी कर्जतच्या बाजूला बोलावले. "सिस्टर, पन्नास-साठ माणसे माळरानावर धावणार आहेत. कोणाचा पाय मुरगळला, कोणाला चक्कर आली तर प्रथमोपचाराला कोणीतरी हवे," एवढेच त्या म्हणाल्या. मी पेटी घेऊन गेले. तिथे पाहिलेली एक गोष्ट मला फार आवडली आणि एक अजिबात पटली नाही. दोन्ही गोष्टींचा आपल्या वस्तीच्या आरोग्याशी संबंध आहे, म्हणून हा लेख.

या खेळाला 'हॅश' म्हणतात. १९३८ साली मलायातील क्वालालंपूर शहरात राहणाऱ्या ब्रिटिश लोकांनी तो सुरू केला. त्यांच्यात गिस्पर्ट नावाचा एक हिशेबनीस पुढे होता. ही मंडळी जिथे जेवत त्या खाणावळीला तिथल्या बेचव जेवणामुळे 'हॅश हाउस' असे टोपणनाव पडले होते, तेच क्लबला चिकटले. महायुद्धात सिंगापूरच्या लढाईत, १९४२ साली, गिस्पर्ट मारला गेला. युद्ध संपल्यावर उरलेल्यांनी खेळ पुन्हा सुरू केला. आज जगभर असे क्लब आहेत आणि आपल्या देशातल्या मोठ्या शहरांतही आहेत.

खेळ असा. एक-दोन जण 'ससा' होतात. ते आधी पुढे जाऊन वाटेवर थोड्या थोड्या अंतराने पिठाच्या खुणा टाकतात. बाकीचे सगळे त्या खुणांचा माग काढत धावतात. मधेच एखाद्या ठिकाणी पिठाचे गोल वर्तुळ असते. तिथून वाट कोणत्याही दिशेला गेलेली असू शकते आणि त्यातल्या एक-दोन वाटा मुद्दाम खोट्या ठेवलेल्या असतात. पुढे पळणाऱ्यांनी चारी दिशांना जाऊन खरी वाट शोधायची. खोटी निघाली की परत फिरायचे. खरी सापडली की 'ऑन ऑन' अशी आरोळी द्यायची. या शोधाशोधीत वेळ जातो आणि तेवढ्यात मागून चालत येणारे वर्तुळापाशी पोहोचतात. नंबर नाही, बक्षीस नाही, घड्याळ नाही.

मी टेकडीच्या पायथ्याशी बसून पाहत होते. विशी-पंचविशीचा एक मुलगा तीनदा चुकीच्या वाटेने गेला आणि घामाघूम होऊन परत आला. साठी ओलांडलेल्या एक बाई रमतगमत चालत होत्या. शेवटी दोघे जवळजवळ एकाच वेळी परतले. मुलगा दुप्पट धावला होता, बाई आपल्या दमाने चालल्या होत्या, आणि दोघांच्याही तोंडावर हसू होते.

मला आवडले ते हे. ज्याच्या पायात जोर आहे त्याने जास्त कष्ट करून वाट शोधायची आणि मागच्याने त्या वाटेने यायचे, असा नियमच आहे. आपल्याकडे जयंतीला धावण्याची शर्यत ठेवतात. तीन मुले बक्षीस घेतात आणि बाकीची वस्ती टाळ्या वाजवते. त्या शर्यतीत पन्नाशीची मावशी कधी उतरली आहे का? सून उतरली आहे का? शर्यत निरोगी माणसाला आणखी निरोगी करते. ज्याला खरी गरज आहे तो कडेला बसून राहतो.

आता न पटलेली गोष्ट. धावणे संपल्यावर सगळे गोल करून उभे राहिले, गाणी-थट्टा सुरू झाली आणि बिअर आली. कोणाला काहीतरी गमतीची शिक्षा करायची आणि त्याने पेला एका दमात रिकामा करायचा. हे काही मागाहून शिरलेले खूळ नाही. १९५० साली मूळ क्लबची सरकारदरबारी नोंदणी झाली, तेव्हा उद्देशांमध्ये तंदुरुस्तीबरोबर बिअरही लिहिलेली होती. न पिणाऱ्याला पाणी किंवा सरबत देतात, हेही मी पाहिले. पण साठ माणसे भोवती उभी राहून गात असताना वीस वर्षांच्या पोराने "मला नको" म्हणणे सोपे नसते.

घाम गाळलेल्या शरीराला पाणी हवे असते. दारूने लघवी वाढते आणि शरीर आणखी कोरडे पडते. त्यात गाडी चालवत घरी जायचे. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. आपल्याला मात्र ते त्याआधीच सांगितलेले आहे. पंचशीलातले पाचवे शील आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. वॉर्डात काम करताना पोटात पाणी झालेले, डोळे पिवळे पडलेले किती बाप मी पाहिले, आणि त्यांच्या उशाशी बसलेल्या किती आया! तेव्हा खेळ घ्यावा आणि पेला जिथला तिथे ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परत आल्यावर मी हे वस्तीतल्या बायकांना सांगितले. एक ताई लगेच म्हणाल्या, "सिस्टर, चार घरची धुणीभांडी करून पाय उरत नाहीत. आणखी धावू कशाला?" त्यांचे म्हणणे खरे आहे. दिवसभर राबणाऱ्या बाईला "व्यायाम कर" असा उपदेश करणे मला शोभत नाही. पण त्यांना मी एवढेच विचारले, "ताई, तुम्ही स्वतःसाठी शेवटचे कधी चाललात?" कामात शरीर वाकून, एकाच जागी, त्याच त्याच हालचाली करते. कंबर धरते, गुडघे धरतात, छातीत मोकळा श्वास जात नाही. आणि घरचे पुरुष? रिक्षा चालवणारे, बारा तास गेटवर बसणारे, संगणकापुढे बसणारे. साखर आणि बीपी आता फक्त बंगल्यातले आजार राहिलेले नाहीत. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे झपझप चालावे, असे आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास.

तथागत तर पंचेचाळीस वर्षे पायी चारिका करत राहिले. अंगुत्तर निकायातल्या चंकम सुत्तात त्यांनी चालण्याचे पाच फायदे सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना मिळालेली एकाग्रता बराच काळ टिकते. यातले चार फायदे तर कुठलीही नर्स रोज सांगते.

मात्र कोणीही उद्यापासून धावत सुटू नये. आधी तपासणी करा.

देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. जिना चढताना धाप लागत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा, गोळ्या घ्या, आणि तोवर सावकाश चाला.

दुसरे सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासींमध्ये तसेच आपल्या समाजातही हा आजार आहे आणि विदर्भातून आलेली पुष्कळ कुटुंबे मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत राहतात. सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी होते. जो फक्त वाहक आहे, म्हणजे ज्याच्या अहवालात 'एएस' लिहिले आहे, तो सहसा ठणठणीत असतो आणि खेळू शकतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, जिवाच्या आकांताने धावणे त्यालाही धोक्याचे ठरू शकते. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे 'एसएस', त्याने डॉक्टरांना विचारूनच हलके चालावे. तहान, ऊन, गारठा, अति श्रम आणि दारू यांनी त्याच्या वेदना उसळतात. अशा मुलाला "भित्रा" म्हणून चिडवू नका. त्याला खुणा आखायचे काम द्या, तो उत्तम ससा होईल.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. चपलेवर धावू नये आणि घरी आल्यावर तळपाय नीट पाहावेत. साचलेल्या पाण्यातून जाऊ नये. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोचा धोका असतो. वेग एवढाच ठेवावा की शेजारच्याशी बोलता येईल. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबायचे. गवतात साप चावला तर कापायचे नाही, करकचून बांधायचे नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही. तो हात-पाय न हलवता ठेवायचा आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा.

कर्जतला आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. ही साठ माणसे शेतांच्या बांधांवरून, पाड्यांच्या कडेने गेली. त्यांच्या पायात महागडे बूट, तोंडात इंग्रजी. त्यांना कोणी "कुठले रे तुम्ही?" असे विचारले नाही. आपल्या वस्तीतली वीस पोरे तशीच त्या बांधावरून धावत गेली असती तर? प्रश्न गावाचा, मग वस्तीचा, मग आडनावाचा आला असता. पोलिसांनीही हटकले असते. खुद्द परदेशातही पिठाच्या खुणांवरून घोटाळा झालेला आहे. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात २००७ साली एका दुकानाच्या पार्किंगमध्ये हॅशसाठी टाकलेली पांढरी भुकटी विषारी असेल या भीतीने दुकान रिकामे केले आणि खुणा टाकणाऱ्या दोघांवर गुन्हा नोंदवला. तिथे ही गत, तर आपल्या पोरांवर संशय यायला किती वेळ लागेल?

म्हणून भिऊन घरी बसायचे असे नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे चालत चवदार तळ्यावर गेली, ती सार्वजनिक जागेवरचा हक्क बजावायला. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी आणि घाटांबरोबर रस्तेही लिहिलेले आहेत. जातीवरून तिथे कोणालाही अडवता येत नाही. सार्वजनिक रस्ता आपलाही आहे. शेत मात्र शेतकऱ्याचे आहे. तिथे विचारल्याशिवाय आणि उभ्या पिकातून कधीच जायचे नाही. निघण्याआधी पोलीस चौकीत विहाराच्या लेटरहेडवर एक पत्र द्यायचे आणि त्याची प्रत जवळ ठेवायची.

पिठाबद्दलही सांगते. अन्न मातीत टाकणे मला रुचले नाही. शिवाय पाड्यावरच्या एका आजीने मला घाबरून विचारले, "बाय, हे पीठ कुनी टाकलं? काय उतरून टाकलंय का?" मी तिला खेळ समजावला, तेव्हा ती हसली. पण आपण अंधश्रद्धा घालवायला निघालेली माणसे, आपल्या खुणांनी कोणी घाबरायला नको. चुनाही नको, तो डोळ्यांत गेला तर जाळतो. मुली विटेच्या तुकड्याने ठिक्करचे घर आखतात, तसे बाण आखा. खडूही चालेल.

आपल्या विहारात हे सहज होईल. महिन्यातून एक रविवार, सकाळची वंदना झाल्यावर, ऊन चढायच्या आत. अंतर दोन-तीन किलोमीटर. एक मुलगी आणि एक काका असे दोन ससे. सगळ्यात मागे शिटी घेतलेला एक कार्यकर्ता, त्याच्या मागे कोणीही राहणार नाही. निघताना आणि परतल्यावर मोजणी. शेवटी गोल करून बसायचे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी आणि गूळ-चणे. थट्टा आणि गाणी भरपूर. आमच्या शाहिरांकडे गाण्यांना काय तोटा! वर्षातून एक-दोनदा शहराबाहेर जावे. कान्हेरीला गेलात तर मात्र खुणा करू नका. ते जंगल आणि ती लेणी जपायची आहेत, तिथे नुसते सोबत चालायचे.

आणि हे सुरू झाले की दुसरा प्रश्न आपोआप पुढे येईल: वस्तीत पाऊल टाकायला जागा कुठे आहे? मैदानावर गाड्या, फुटपाथवर खड्डे, संध्याकाळी दिवे बंद. चाळीस बायका दर महिन्याला रस्त्यावर चालताना दिसल्या, तर नगरसेवकाकडे दिवे आणि मैदान मागायला त्यांनाच पुढे पाठवता येईल. चाललेल्या बाईला रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठ असतो.

येत्या पौर्णिमेला विहाराच्या बैठकीत हा विषय मांडा. रक्त तपासणीचा दिवस आधी ठरवा आणि चालण्याचा नंतर. "पाय उरत नाहीत" म्हणणाऱ्या त्या ताईंनी मला सांगितले आहे, "सिस्टर, धावणार नाही, पण मागून येईन." मी त्यांना म्हटले, "ताई, या खेळात मागच्यांसाठी पुढचे परत येतात."

जयभीम.