दंडेलशाहीला बबूनची साक्ष नको

नेत्याचा दरारा हवाच, निसर्गातही तेच चालते, असे म्हणणारे माकडांचा दाखला हमखास देतात. या माकडांपैकी बबूनची भांडखोर ओळख रुजायला एक पिंजरा बराचसा कारणीभूत आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १९२५ मध्ये उभारलेल्या कृत्रिम टेकडीवर शंभरेक हमाद्रियास बबून सोडले, तेही जवळजवळ सगळे नर. १९२७ मध्ये तीस माद्या आणल्यावर मारामाऱ्या पेटल्या आणि त्यांत अनेक माद्या मेल्या. याच टेकडीच्या निरीक्षणांवर बेतलेल्या, प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांच्या १९३२ च्या पुस्तकाने वर्चस्व आणि कामवासना हाच माकडांच्या समाजाचा पाया ठरवला. रानात मात्र या जातीचा नर मोजक्या माद्या राखतो आणि ओळखीचे नर सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. परक्या जिवांना एकत्र कोंडल्यावर झालेल्या दंगलीला समाज कसे म्हणायचे?

केनियातील अंबोसेलीत १९७१ पासून पिवळ्या बबूनच्या एकेका जिवाची नोंद होते आहे. तिथे नर वयात आले की कळप सोडतात. माद्या जन्मभर राहतात. कळपाचा कणा म्हणजे या मायलेकी आणि बहिणी. सोळा वर्षांच्या नोंदी तपासून २००३ मध्ये जोन सिल्क, सुझन अल्बर्ट्स आणि जीन आल्टमन यांनी दाखवले, की इतरांच्या सोबत बसणाऱ्या, एकमेकींची अंगे साफ करणाऱ्या माद्यांची पिल्ले जास्त प्रमाणात वर्षाची होतात. वरच्या दर्जामुळेच त्यांना सोबत मिळत असेल, ही शंका रास्त आहे. पण दर्जाचा परिणाम वेगळा काढल्यावरही सोबतीचा फायदा उरला. उतरंड खोटी आहे, असे अजिबात नाही. लेकीला आईचा दर्जा मिळतो, आणि चाकमा बबूनमध्ये नवा नर पिल्लांचे जीवही घेतो. प्रश्न एवढाच, की ही हिंसा अटळ आहे का.

जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी अभ्यासलेल्या, केनियातल्याच मसाई मारातील बबूनच्या कळपाने याचे उत्तर दिले आहे. १९८०च्या दशकात तिथले आक्रमक नर एका पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर हक्क सांगायला जात. तिथल्या दूषित मांसातून क्षय होऊन ते मेले. मागे राहिलेले नर मवाळ होते. दशकभरात तेही गेले, बाहेरून नवे नर आले, तरी खालच्यांना विनाकारण छळणे कमीच राहिले. एका कळपावरून साऱ्या जातीविषयी बोलता येणार नाही, हे मान्य. पण दंडेली रक्तातच असते म्हणणाऱ्यांनी या नव्या नरांचे काय ते सांगावे: ते तर दुसऱ्या कळपांत वाढून आले होते.