४६ लाख जाती!

मी डेटा साफ करण्याची नोकरी करतो. ग्राहकांच्या यादीत पुणे हे पुना, पूणे, पुने अशा कितीतरी रूपांत येतं; ते संध्याकाळपर्यंत एक करायचं. (आईला अजून वाटतं, मी कॉम्प्युटर पुसतो.)

बिग डेटा ज्या तीन लक्षणांनी ओळखतात, ती आकार, वेग आणि वैविध्य ही लक्षणं डग लेनी यांनी २००१ मध्ये मांडली. मूळ मात्र शिरगणतीत आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांचं छिद्रांची कार्डं मोजणारं यंत्र वापरलं गेलं. त्यांच्याच कंपनीतून पुढे आयबीएम घडली.

आपल्याकडे २०११ मध्ये सामाजिक, आर्थिक आणि जातगणना सुरू झाली. जातींचे आकडे बाहेर आलेच नाहीत. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ओबीसींची माहिती मागितली, तेव्हा केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की १९३१ मध्ये ४,१४७ जाती होत्या, इथे ४६ लाखांवर निघाल्या. माहिती वापरण्याजोगी नाही.

एकाच जातीची दहा स्पेलिंगं, पोटजात, आडनाव, सगळं एकाच रकान्यात. अहो, वैविध्य म्हणतात ते हेच! दुकानदारांसाठी आम्ही हा गुंता रोज सोडवतो. कोट्यवधी बोटांचे ठसे जुळवणाऱ्या सरकारला तो सुटत नाही, हे मला पटत नाही.

येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ ला झाला. प्रगणकाकडे जातींची पक्की यादी असेल की पुन्हा मोकळा रकाना? आणि आकडे कधी खुले होणार? डेटा कळणाऱ्या आपल्या पोरापोरींनी हे आत्ताच विचारावं.